क्यूरपीपचा पाऊस

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना हनिमूनची जाहिरात आठवते. मी राहतो ते क्यूरपीप त्या जाहिरातीत कधीच येणार नाही. बेटाच्या मधल्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे गाव. इथे ऋतू दोनच, असं इथलेच लोक सांगतात : एक पावसाचा, दुसरा जास्त पावसाचा. आईने दिलेल्या पापडांना पहिल्याच जुलैत बुरशी आली. (जुलै म्हणजे इथला हिवाळा, बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे.) त्याच रविवारी गाडीने पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो, तर तिथे लोक उन्हात लोळत होते.

हा सगळा आग्नेयेच्या वाऱ्यांचा खेळ. समुद्रावरून येतात, पठाराला अडतात, तिथेच रिकामे होतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. महाबळेश्वर आणि वाईचंच गणित, फक्त छोट्या मापात. रॉड्रिग्स वगैरे बेटं धरूनही सगळा देश सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्यात सात मॉरिशस बसतील. सर्वांत उंच शिखर 828 मीटर, कळसूबाईच्या निम्मं.

उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन लागवडीला काढताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, हा दगड तर आपला! आणि तो खरंच नात्यातला निघाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला, त्याच स्रोताने खूप नंतर मॉरिशस घडवलं. आता तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धुमसतो.

ते मजूर कोण होते, हे राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे ते जिथे बोटीतून उतरले तिथे, कळतं. धक्क्यापासून वर जाणाऱ्या दगडी सोळा पायऱ्या, बस. 1834 पासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर आले. बिहारी आणि तमिळ जास्त, पण रत्नागिरीकडचे मराठीही. त्यांची पणतवंडं घरात क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली इथली बोली) बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, सरकारी अर्ज इंग्रजीत भरतात. मराठी उरली ती आरतीत, जाखडीत आणि शाळेतल्या ऐच्छिक विषयात. पणजोबांचं नावच कित्येकांचं आडनाव होऊन बसलंय. गणपतीची मात्र देशभर सुट्टी असते, आणि तीही चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. मला तर ही जास्त व्यवहारी सोय वाटते.

1968 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा देश जवळजवळ उसावरच जगत होता. पुढे कापडगिरण्या आल्या, मग पर्यटन, मग बँका आणि एबेनमधली काचेची ऑफिसं, त्यांतल्याच एकात मी बसतो. ऊस अजून आहे, त्याच्या चिपाडावर वीजही होते. पण तांदूळ, गहू बाहेरून येतात, त्यामुळे बंदरात जहाज उशिरा आलं तर त्याची चर्चा थेट स्वयंपाकघरात होते.

नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. रेडिओवर 'क्लास वन', 'क्लास टू' असे इशारे चढत जातात. क्लास टू लागला की शेजारच्या काकू हाक मारतात, 'पाणी भरलंस का?' त्यांच्याकडे बादल्या, मेणबत्त्या, टिनमधले मासे, सगळं तयार. क्लास थ्रीला सगळं बंद, दारंखिडक्या लावून घरात. जानेवारी 2024 मध्ये बेलाल नावाचं वादळ आलं तेव्हा राजधानीच्या रस्त्यांवर गाड्या वाहत जाऊन एकमेकींवर चढल्या होत्या. आणि हेच दिवस लिचीचे, गुलमोहराचे! नाताळात लालबुंद गुलमोहर पाहायची डोळ्यांना अजून सवय झालेली नाही.

दुपारचं जेवण बहुधा रस्त्यावरची डोल पुरी. नाव पुरी, पण असते पोळी : आत वाटलेली डाळ, वर पावट्यासारख्या दाण्यांची उसळ आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळलेली. 'एन पेर' म्हणायचं, की जोडी हातात येते. होळीला मी ऑफिसात पुरणपोळ्या नेल्या. क्रिओल, म्हणजे इथल्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, सहकाऱ्याने पहिला घास घेतला, थांबला, पोळी उलगडून आत पाहिली आणि अगदी काळजीने विचारलं, 'डाळीत चुकून साखर पडली का?'