अनोळखी माणसाशी राजकारण बोलताना

इंग्लंडमधल्या बहुतेक शहरांत शनिवारी मुख्य बाजाररस्त्यावर कुठल्या तरी पक्षाचे किंवा मोहिमेचे घडीचे टेबल मांडलेले दिसते. रस्त्यावर मोफत पत्रके वाटण्यासाठी काही ठिकाणी स्थानिक कौन्सिलची संमती घ्यावी लागते. मात्र राजकीय, धार्मिक आणि धर्मादाय हेतूंच्या पत्रकांना कायद्याने या अटीतून सूट दिली आहे. भाडेकरूंच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका गटाबरोबर मी अशा टेबलाजवळ उभी राहते. टेबलाच्या मागे नव्हे, पुढे. कारण मागे उभे राहिले की येणारा-जाणारा आपल्याला विक्रेता समजतो आणि नजर चुकवून निघून जातो.

‘राजकारणावर दोन मिनिटे बोलू शकाल का?’ असे विचारले तर बहुतेकांकडून नकारच येतो. ‘तुम्ही भाड्याच्या घरात राहता का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीही चालता-चालता देऊ शकतो आणि ते देताना पुष्कळदा पावले मंदावतात. मग भाडे किती वाढले, भिंतीवरच्या ओलीबद्दल आणि बुरशीबद्दल घरमालकाला कळवले तेव्हा काय झाले, तक्रार केली तर घर सोडायला सांगतील अशी भीती वाटली का, हे एकेक बाहेर येऊ लागते. ही भीती निराधार नव्हती. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम २१ नुसार घरमालक कोणतेही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करण्याची मागणी करू शकत असे आणि ते कलम रद्द करणारा कायदा होण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. ‘मला राजकारणात रस नाही’ असे सुरुवातीला सांगणारी माणसे या विषयावर किती नेमके आणि किती पोटतिडकीने बोलतात, हे मी वारंवार पाहिले आहे. त्यांना रस नसतो असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते.

‘सगळे पुढारी सारखेच’ असे कोणी म्हटले की ते खोडून काढण्याचा मोह होतो. त्याऐवजी असे मत कशामुळे झाले हे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मायामीतील मतदारांशी दारात सुमारे दहा मिनिटे संवाद साधण्यात आला होता आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा त्यांचा पूर्वग्रह कमी झाल्याचा परिणाम निदान तीन महिने टिकला होता. त्या संवादांत आपल्यालाही कधी वेगळे मानून वागवले गेले होते का, हे आठवायला लावले जाई. रस्त्यावर इतका वेळ क्वचितच मिळतो, म्हणून तिथे कोणाचे मत बदलण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला जायचे आहे त्याला जाऊ द्यावे, मागे लागू नये.

‘तुमच्या देशात जाऊन हे बोला’ असेही कधी कधी ऐकावे लागते. मी शांतपणे सांगते की मी इथे राहते, भाडे आणि कर भरते आणि मतदानही करते. हे ऐकून समोरच्याला आश्चर्य वाटते, पण त्याहून अधिक वाईट मला वाटते ते आपल्याच माणसांना हे ठाऊक नसल्याचे. राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक म्हणून इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीयांना ब्रिटिश नागरिकत्व न घेताही संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांशी आणि परिचारिकांशी बोलताना मी बाकीचे सारे बाजूला ठेवून आधी हेच सांगते. नोंदणी ऑनलाइन होते आणि मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत करता येते. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.