तुम्ही विचारलंत म्हणून: मिरचीचं बी कुठलं?

सहकारनगरच्या आमच्या गच्चीवर येणारा माणूस मिरचीच्या कुंड्यांपाशी थांबतो आणि हमखास विचारतो, "बी कुठलं हो? मंडईतून आणलंत का?"

बी घरचं आहे. सासूबाईंनी जुन्नरहून आणलेल्या मूठभर लाल मिरच्यांपासून सुरुवात झाली, त्याला यंदा ११ वर्षं झाली. पण घरचं म्हटलं की लोकांना वाटतं, पिकलेली मिरची फोडली, बी पेरलं, झालं. आम्हीही तसंच करायचो. हंगामभर हिरव्या मिरच्या खुडून खायच्या आणि शेवटी झाडावर उरतील त्या लाल होऊ द्यायच्या. चार-पाच वर्षांत गणपतीत मिळणारी मिरची नवरात्रापर्यंत लांबली. कारण फार उशिरा लक्षात आलं. लवकर धरणाऱ्या झाडांच्या मिरच्या आमच्या पोटात जात होत्या, आणि उशिरा धरणाऱ्यांचं बी डबीत.

तेव्हापासून मी झाड निवडते, मिरची नाही. एखाद्या रोगट झाडालाही एक टपोरी मिरची लागते, तिच्याकडे पाहून फसायचं नाही. मेअखेर ४० बिया पेरते, साधारण ४० दिवसांनी त्यातली २४ रोपं कुंड्यांत लावते. बोकड्या रोग आलेलं, पानं चुरडलेलं झाड फुलं यायच्या आत उपटते. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर फळू शकतं, पण मधमाश्या शेजारचा पराग आणतातच. वाईट झाड फुललं की त्याचा गुण चांगल्या झाडाच्या बियांत शिरलाच म्हणून समजा. जे लवकर फुलतं, फुलं गाळत नाही, भर पावसातही ज्याची पानं तजेलदार राहतात, त्याच्या खोडाला लाल दोरा बांधते. अशी तीन-चार झाडं निघतात. दोऱ्याच्या झाडाची हिरवी मिरची कुणीही खुडायची नाही. सगळ्यांत चांगलं झाड डोळ्यांसमोर असताना शेजारच्या झाडाची मिरची पोह्यांत घालायची, हे पहिल्या वर्षी फार जड गेलं.

याला जोडून दुसरा प्रश्न येतोच: ढोबळी शेजारी लावली तर ती तिखट होते का? त्या वर्षीची ढोबळी होत नाही. तिखटपणा मिरचीच्या पोटातल्या पांढऱ्या शिरेत असतो, आणि ती शीर आईच्या झाडाची. पराग कुणाचाही असो. फरक पडतो तो बियांत. त्या बिया पुढच्या वर्षी पेरल्यात तर ढोबळीच्या झाडाला तिखट मिरच्या लागू शकतात. म्हणून दोऱ्याच्या झाडांवरच्या काही कळ्यांना उमलण्याआधीच मलमलीची छोटी पिशवी बांधते, फूल उमललं की फांदी हलकेच हलवते, आणि फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधते. पाकिटावर 'एफ-१' लिहिलेलं संकरित बी असेल, तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. त्यातूनही निवड करता येते, फक्त त्याला बरीच वर्षं द्यावी लागतात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणं जपण्यासाठी. त्यांच्या कामापुढे माझ्या २४ कुंड्या काहीच नाहीत. पण बी ही नुसती साठवायची वस्तू नाही, दर वर्षी पेरून पारखायची आहे, हे मला अशाच बायकांकडे पाहून समजलं.

जानेवारीत पूर्ण लाल झालेल्या मिरच्या काढते, बी सावलीत वाळवते आणि प्रत्येक झाडाची वेगळी पुडी करून तिच्यावर नंबर घालते. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. पुण्याचा पारा ४० कडे सरकला की बहुतेक झाडांची फुलं गळतात. त्या उन्हातही दोऱ्याच्या ज्या झाडाला दोन-चार मिरच्या धरतात, त्याची पुडी पुढच्या पेरणीला. म्हणून बी मागायला मे महिन्यात या. त्याआधी कुठली पुडी द्यायची, हे माझंही ठरलेलं नसतं.