न्यूयॉर्कचा उन्हाळा: टॉवेल, कुलूप आणि रांगेत उभं राहायची तयारी

जुलैतल्या न्यूयॉर्कबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. सबवेच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की गाडीच्या एसीने बाहेर फेकलेली सगळी गरम हवा आपल्या अंगावर, डब्यात शिरलं की कुडकुडायला होतं आणि वर रस्त्यावर आलं की परत घामाच्या धारा. जो तो सांगत होता ऑक्टोबरात जा, झाडांचे रंग बघ. पण माझी मावसबहीण, म्हणजे ताई, न्यूयॉर्कच्याच क्वीन्स या भागात राहते, तिचं म्हणणं एकदम वेगळं होतं. ती म्हणाली, उन्हाळ्यातच ये आणि ती यादी बिदी घेऊन येऊ नकोस, टाइम्स स्क्वेअर दहा मिनिटांत बघून होतो, बाकीचे दिवस आपण खेळायचं. आणि मेन म्हणजे यातलं बरंचसं फुकट आहे गं, फक्त नियम पाळायचे आणि रांगेत उभं राहायचं.

मला आधी वाटलं फुकट म्हणजे कसंबसं असणार, एखादा कोपऱ्यातला गळका स्विमिंग पूल वगैरे. मग ताईने अ‍ॅस्टोरिया पूलला नेलं आणि मी कठड्यापाशी उभी राहून बघतच बसले. 330 फूट लांब आहे हो तो! शहरातला सगळ्यात मोठा सार्वजनिक स्विमिंग पूल. 1936 च्या उन्हाळ्यात, ऐन मंदीत, रॉबर्ट मोझेस पार्क्स कमिशनर असताना एकाच सीझनमध्ये असे अकरा पूल उघडले गेले, सरकारी रोजगार योजनेतून माणसं लावून, आणि त्यातला हा सगळ्यात भव्य. अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमच्या निवडचाचण्या इथे झाल्यात, 1936 ला आणि परत 1964 ला. आता तिथे क्वीन्समधली झाडून सगळी पोरं उड्या मारत असतात. एका बाजूला ट्रायबरो ब्रिज, दुसऱ्या बाजूला हेल गेटचा लालसर रेल्वे ब्रिज आणि मध्ये आपण पाण्यात उताणे. तिकीट शून्य. मेंबरशिप नाही, तुम्ही इथले का बाहेरचे असलं कुणी विचारत नाही.

पण कुलूप विचारतात. हे लक्षात ठेवा कारण सगळी गंमत या कुलपापाशी आहे. दारातच गार्ड उभा असतो, तुमच्याकडे लॉकरला लावायला स्वतःचं दणकट कुलूप असलं तरच आत, नाहीतर नाही. माझ्या पुढे एक पोरगा होता, त्याने ऐटीत खिशातून सुटकेसला लावतात ते इवलंसं कुलूप काढलं. गार्डने ते चिमटीत धरून एकदा बघितलं, परत त्याच्या हातावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता मागच्या माणसाला पुढे बोलावलं. पोरगा हुज्जत घालायला लागला, मागची रांग कुरकुरायला लागली, शेवटी गेला बिचारा. ताईच्या पर्समध्ये जून ते सप्टेंबर दोन कुलपं कायमची असतात, किल्ल्यांच्या जुडग्याला असावीत तशी. आत गेल्यावर पुढचे नियम: स्विमसूट पाहिजेच, वरून काही घालायचं तर फक्त साधा पांढरा टीशर्ट, रंगीत चालत नाही (गँगवाल्यांचे रंग ओळखू येऊ नयेत म्हणून हा नियम आला असं लोक सांगतात), खायचं काही न्यायचं नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही. पेपर का नाही ते मला आधी कळेना, भाच्याने सांगितलं, मावशी पेपर ओला झाला की त्याचा लगदा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पटलं.

दुपारी तीनला शिट्टी वाजते आणि सगळ्यांना बाहेर काढतात, कारण तीन ते चार साफसफाई. मग चारला परत आत, सातपर्यंत. तर हुशार लोक काय करतात, तीनच्या शिट्टीला घरी जात नाहीत, बाहेर पार्कात झाडाखाली आडवे होतात आणि साडेतीनला परत रांगेत पहिले. आम्ही तेच केलं. माझं स्पष्ट मत असं की दुसरं सेशन जास्त चांगलं, ऊन तिरपं झालेलं असतं आणि लहान पोरं दमलेली असतात.

नंतर कयाक. मॅनहॅटनच्या पश्चिमेला ट्रायबेकात पिअर 26 नावाचा धक्का आहे, तिथे डाउनटाउन बोटहाउस नावाची व्हॉलंटियर लोकांची संस्था फुकट कयाकिंग करू देते. हडसन नदीत! गगनचुंबी इमारती मागे, समोर जर्सी सिटी, आणि आपण प्लास्टिकच्या होडक्यात वल्हं घेऊन. बुकिंग नाही, जो आधी येईल तो आधी, पोहता आलं पाहिजे, एका फॉर्मवर सही करायची, लाइफ जॅकेट घालायचं. वीस मिनिटं मिळतात. वीस मिनिटं कमी वाटतील वाचताना पण बसून बघा म्हणजे कळेल, दहाव्या मिनिटाला खांदे बोलायला लागतात.

आणि एक कुणी सांगत नाही ते सांगते, बूड ओलं होणारच. ही कयाक वरून उघडी असते, तळाला भोकं असतात, पाणी त्यातून वर येतं आणि जातं, त्यामुळे ती बुडत नाही, पण तुम्ही मात्र सगळा वेळ पाण्यात बसल्यासारखे असता. जीन्स घालून आलेला एक जण आमच्यासोबत होता, तो उतरल्यावर कसा चालत गेला ते लिहीत नाही. वल्हं कसं धरायचं ते एका मावशींनी शिकवलं, चांगल्या साठीच्या होत्या, उन्हाने रापलेल्या, रिटायर्ड शाळाशिक्षिका, दर वीकेंडला इथे येऊन लोकांना होडीत बसवतात. त्या म्हणाल्या, हातांनी ओढू नको, कंबरेतून वळ. त्या एका वाक्याने फरक पडला. पण तरी मी जाते उत्तरेला आणि होडी जाते दक्षिणेला असं चाललेलं, तेव्हा त्यांनी काठावरून ओरडून सांगितलं की ओहोटी आहे, थोडी किनाऱ्याला धरून रहा. म्हणजे ही नदी नुसती समुद्राकडे वाहत नाही, भरतीला उलटी पण वाहते, पार वरती ट्रॉय गावापर्यंत, दोन-अडीचशे किलोमीटर आतपर्यंत भरती-ओहोटी लागते. इथल्या मूळ लोकांनी हिला दोन्हीकडे वाहणारी नदी असंच नाव दिलं होतं. मला ते पुस्तकात वाचून काही वाटलं नसतं, खांदे भरून आल्यावर बरोब्बर समजलं.

सेंट्रल पार्कबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय म्हणून थोडक्यात. आतल्या रस्त्यांवर 2018 पासून गाड्यांना कायमची बंदी आहे, पूर्ण चक्कर साधारण दहा किलोमीटरची, सायकल भाड्याने मिळते, आणि उत्तर टोकाला हार्लेम हिल नावाचा चढ आहे तिथे भलेभले उतरून सायकल ढकलतात. सायकली सगळ्या एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. दमलात की शीप मेडोवर पसरा, तिथे 1934 पर्यंत खरोखरच्या मेंढ्या चरायच्या, आता माणसं लोळतात. शेजारी स्केटिंगवाल्यांचा अड्डा आहे, वीकेंडला स्पीकर लावून गोल गोल नाचतात, पन्नाशी-साठीतली माणसं उलटी स्केटिंग करत डिस्को करतात, ते मात्र चुकवू नका, सायकल बाजूला लावून अर्धा तास बघा.

रॉकअवेच्या बीचवर सर्फिंग करायला भाचा घेऊन गेला. सबवेच्या ए ट्रेनने जाता येतं, डब्यात लोक सर्फबोर्ड घेऊन उभे असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सर्फिंगला ठरलेला भाग वेगळा, पोहायला वेगळा, आणि लाइफगार्ड सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असतात तेवढ्याच वेळात पाण्यात जायचं. अटलांटिक आहे तो, ओढ जबरदस्त. भाचा दोनदा उभा राहिला बोर्डवर. मी राहिले नाही, मी पोटावर झोपून लाटेबरोबर किनाऱ्याला आले आणि मला ते पुरलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते हँडबॉल. मी हे नावसुद्धा नीट ऐकलं नव्हतं, मला वाटलं ऑलिंपिकमधला तो गोलवाला. हा वेगळा. एक भिंत, एक रबरी चेंडू, आणि तुमचा तळहात. बास. भिंत 20 फूट रुंद, 16 फूट उंच, समोर 34 फूट लांब सिमेंटचं कोर्ट. चेंडू हाताने भिंतीवर मारायचा, परत येताना एका टप्प्यात (किंवा टप्प्याआधीच) समोरच्याने परत भिंतीवर मारायचा, भिंतीला लागायच्या आधी जमिनीला लागला की तुमचा फाउल. पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. या शहरात असली दोन हजारांवर कोर्टं आहेत, जवळजवळ प्रत्येक पार्कात, प्रत्येक शाळेच्या मैदानात, एकदा नजर बसली की सगळीकडे भिंतीच दिसायला लागतात.

आम्ही गेलो कोनी आयलंडला, वेस्ट फिफ्थ स्ट्रीटच्या कोर्टांवर, समुद्राला लागूनच. या खेळाची पंढरीच म्हणा. तिथे एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे नक्की, डोक्याला रुमाल, हातात जुने चामड्याचे ग्लोव्ह्ज, तळव्याच्या जागी कातडं काळं कुळकुळीत झालेलं. जागचे फारसे हलतच नव्हते. समोर विशीतला पोरगा, दंड हे एवढे, तो पळतोय उजवीकडे, पळतोय डावीकडे, आणि आजोबा दोन पावलं टाकून डाव्या हाताने चेंडू अगदी भिंतीच्या मुळाशी लावतायत. तो उसळतच नाही, सरपटत येतो. त्याला किलर म्हणतात. असा लागला की बाजूचे सगळे हूऽऽ करून ओरडतात आणि मारणारा मात्र काही झालंच नाही असा चेहरा करून सर्व्हिस लाइनकडे जातो. दोन्ही हात सारखे चालले पाहिजेत हे खरं मर्म आहे, बॅकहँड नावाची गोष्टच नाही ना इथे, डावीकडे आला तर डाव्यानेच मारावा लागतो.

खेळायला कसं मिळतं? कोर्टाच्या कडेला जाऊन आय गॉट नेक्स्ट असं म्हणायचं. झालं, तुमचा नंबर लागला. जिंकणारा कोर्टवर राहतो, हरणारा बाहेर. ताईने मला न विचारता दोघींसाठी नेक्स्ट सांगून टाकलं आणि आम्ही डबल्स खेळलो, आजोबा आणि त्यांच्या एका मित्राविरुद्ध. 21 चा गेम. आम्हाला किती पॉइंट मिळाले ते गुलदस्त्यात राहू दे, पण एक रॅली लांबली आणि माझ्या डाव्या हाताचा फटका कोपऱ्यात बसला तेव्हा आजोबांनी ग्लोव्ह काढून माझ्याशी हात मिळवला. तळहात टम्म सुजून लाल झाला होता, दोन दिवस चमचा धरताना आठवण येत होती.

तिथूनच चालत सायक्लोन. लाकडी रोलर कोस्टर, 1927 चा, पहिलाच उतार 85 फुटांचा. याला पैसे पडतात. नव्या कोस्टरसारखा गुळगुळीत अजिबात नाही, कडकड कडकड आवाज करत हाडं खिळखिळी करतो, भावोजी खाली येऊन पाच मिनिटं मान धरून बसले. वंडर व्हील हा मोठा फिरता पाळणा त्याहून जुना, 1920 चा, त्यात काही डबे स्थिर आणि काही आतल्या रुळावर सरकणारे असतात, रांगा पण वेगळ्या. सरकणाऱ्यात बसा. स्थिरमध्ये बसायचं तर मग घरचा झोपाळा काय वाईट?

एका संध्याकाळी ताईच्या गल्लीतच मोठी मजा झाली. कोपऱ्यावरचा फायर हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) कुणीतरी सुरू केला होता आणि अख्ख्या गल्लीतली पोरं त्याच्या फवाऱ्यात. मला वाटलं आता पोलीस येणार. तर नाही, हे रीतसर असतं, अग्निशमन केंद्रात जाऊन कुणाही सज्ञान माणसाने मागितलं की ते हायड्रंटला फवाऱ्याची टोपी लावून देतात, फुकट. टोपी नसताना मिनिटाला हजार गॅलनच्या वर पाणी जातं, टोपी लावली की वीस-पंचवीस. आग लागली तर दाब राहायला हवा ना. पोरांना या हिशोबाशी काय घेणं, पण मला ती पद्धत फार आवडली. उघडाच सोडला तर मात्र दंड आहे.

शेवटचा रविवार ब्राँक्समध्ये, व्हॅन कोर्टलांड पार्कला. एक नंबरच्या ट्रेनचा शेवटचा स्टॉप, बाहेर आलात की समोर मैदान आणि मैदानभर क्रिकेट, एकाच वेळी कितीतरी मॅचेस, जमैका, गयाना, बांगलादेश, पाकिस्तान, आपले लोक, सगळे पांढऱ्या कपड्यात नाहीतर रंगीत जर्सीत. एका मॅचचा डीप मिडविकेट आणि शेजारच्या मॅचचा थर्ड मॅन पाठीला पाठ लावून उभे, गप्पा मारतायत. अमेरिकेत क्रिकेट आत्ता आलं असं ज्यांना वाटतं (मलाही 2024 च्या वर्ल्ड कपमुळे तसंच वाटायचं) त्यांच्यासाठी, पहिली आंतरराष्ट्रीय मॅच याच शहरात झाली, 1844 साली, अमेरिका विरुद्ध कॅनडा, कॅनडा जिंकला. पहिल्या कसोटीच्या तेहतीस वर्षं आधी! भावोजींनी हे एका गयानीज काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, काका स्कोअरबुकातून मान वर न करता म्हणाले, माहितीये, सरका, साइटस्क्रीनसमोर उभे आहात.

जायचं असेल तर स्विमिंग पूल जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असतात हे बघून तिकीट काढा. आणि जमलं तर ऑगस्टमधले सुरुवातीचे शनिवार पकडा, तेव्हा समर स्ट्रीट्स असतं, 2008 पासून करतात, सकाळी सातपासून पार्क अ‍ॅव्हेन्यू गाड्यांना बंद आणि सगळा रस्ता चालणाऱ्यांना, पळणाऱ्यांना, सायकलींना. मी जुलैअखेरच निघाले होते. ताई आणि भावोजी मात्र दोघं सायकली घेऊन गेले, ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या बाजूने जाणाऱ्या त्या वरच्या रस्त्यावर मधोमध उभं राहून फोटो काढला आणि खाली एक ओळ न लिहिता मला पाठवून दिला.