‘मृत’च्या चौकटीतली खूण

माझं काम मोजण्याचं. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून सुटणाऱ्या होडीवर जायचं, डोल, म्हणजे तिथलं मासेमारीचं जाळं, वर घेतली की तिच्या खोल्यात, शेवटच्या पिशवीत, काय काय आलं ते तक्त्यात लिहायचं. जवळा किती, बोंबील किती, मांदेली किती, आणि नको असताना आलेलं किती. दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या धरल्या तर त्या शेवटच्या रकान्याला जागाच पुरत नाही.

जानेवारीतली सकाळ होती. घारापुरीच्या अलीकडे डोल लावलेली. डोल होडीमागे ओढत नाहीत. ती एका जागी बांधलेली लांबलचक पिशवी असते, ओहोटीचं पाणीच मासळी आत ढकलतं. पाणी मंदावलं की ती वर घ्यायची. म्हणजे सुरुवातीलाच आत शिरलेला जीव चार-पाच तास आतच. कासवाला तर श्वासासाठी वर यावं लागतं. निवांत पडलेलं कासव तासन्‌तास दम धरतं, पण अडकून धडपडायला लागलं की तोच दम बघता बघता संपतो.

डोल थोडीशीच वर आली होती तेवढ्यात नाखवा ओरडले, “थांबा रं!” तोंडाकडच्या मोठ्या आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, कासवाचा पुढचा पाय दोनदा पिळला गेला होता. सोडवायला गेलो तर गाठ अजूनच बसे. शेवटी नाखवांनी कोयता घेतला आणि एक शब्द न बोलता वावभर जाळं फाडलं. चौघांनी मिळून ते धूड आत घेतलं. पाठीच्या कडेच्या ढाली मोजल्या: डावीकडे सात, उजवीकडे सहा. ऑलिव्ह रिडले. मान लोंबत होती, डोळे अर्धवट मिटलेले. मी वेळ लिहिली, 7:10, आणि ‘मृत’च्या चौकटीत खूण केली.

“देव हाय तो,” नाखवा म्हणाले. “पान्यान सोर.” देवळात नंदीपुढे बसतो तो हाच, त्यामुळे मेलेल्या कासवाचीही होडीवर विटंबना होत नाही. त्यांच्या भाच्याने तोवर मोबाइल काढलाही होता. संरक्षित प्राणी वाचवताना जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देणारी राज्य सरकारची योजना 2018 पासून आहे, आणि सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ हाच तिचा पुरावा. दोन मिनिटांचं काम. कासव पाण्यात, व्हिडिओ मोबाइलमध्ये.

मीही कडेला हात घातला होता. मग प्रशिक्षणातलं आठवलं: बुडालेलं कासव मेल्यासारखंच दिसतं, आणि तसंच पाण्यात टाकलं तर खरंच मरतं. म्हटलं, “नाखवा, नको. ठेवू या.”

“मेलेलं ठेवून काय करतंस, पोरी?”

उत्तर माझ्याकडेही धड नव्हतं. होडीच्या कडेला बांधलेला जुना टायर सोडवला आणि कासवाचा मागचा भाग त्यावर चढवला, फुप्फुसातलं पाणी निथळावं म्हणून. उताणं करायचं नाही, हे दोनदा सांगावं लागलं. पाठीवर ओलं गोणपाट, नाकपुड्या मोकळ्या, वरून ताडपत्रीची सावली. दर पंधरा मिनिटांनी डोळ्याच्या कडेला बोट लावून बघायचं. काही नाही. तोंडातून फेसाळ पाणी आलं, पुन्हा काही नाही. तिकडे बर्फ वितळत होता. बोंबील काही वाट बघत नाही. बंदरावरून नाखवीणबाईंचे दोन फोन आले, दुसरा बराच मोठ्या आवाजात. भाचा अटल सेतूवरच्या गाड्या मोजत बसला.

9:20 ला पापणी हलली. मला भास वाटला, म्हणून भाच्याला बोट लावायला सांगितलं. पुन्हा हलली. दहाच्या सुमाराला मान उचलून तिने ‘फुस्स’ केलं, सायकलच्या ट्यूबमधली हवा सुटावी तसं. नाखवांनी टोपी काढली आणि लगेच परत घातली. 10:40 ला, जाळ्यांपासून लांब, इंजिन न्यूट्रलला टाकून, तिला हळूच पाण्यात सोडलं. तिने मागे वळून बिळून पाहिलं नाही. तक्त्यातली खूण खोडून मी बाजूला वेळ लिहिली.

तेव्हापासून ‘जिवंत सोडले’ हा रकाना मी जरा संशयाने वाचते. माझेच जुने तक्ते काढून बसले. सोडलं हे लिहिलेलं सापडतं, कोणत्या अवस्थेत सोडलं ते नाही. ट्रॉलर्ससाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टेड, म्हणजे कासव सुटून जायचं साधन, बनवलं आहे: जाळ्यात गजांची तिरकी चौकट बसवायची, कोळंबी गजांतून मागे जाते, कासव आदळून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. पण ते ओढत्या जाळ्याचं झालं. आमच्या डोलीवर त्या दिवशी जे उपयोगी पडलं ते म्हणजे एक टायर.

भरपाईचा अर्ज मीच भरला. दीड महिन्याने कार्यालयातून शेरा आला: पकडल्याच्या आणि सोडल्याच्या फोटोंत साडेतीन तासांचं अंतर का, याचा खुलासा करावा. कासव चित्रीकरणासाठी अडकवून ठेवलं होतं का, अशी शंका.

मी कागद घेऊन दिवाळ्याला गेले. नाखवा बंदरावर डोल सांधत बसले होते, निळ्या जाळ्याला हिरव्या सुताचं ठिगळ. शेरा वाचून दाखवला. त्यांनी सुईतला दोरा दाताने तोडला.

“लिव,” म्हणाले, “ती निजली व्हती.”