पावणेदोन मीटर उंचीचा तिसरा क्रमांक

स्पेनचा टेनिसपटू डेव्हिड फेररचं नाव निघालं की ‘लढवय्या’ हा शब्द पाठोपाठ येतोच. शब्द खोटा नाही, पण त्याच्या आड फेररचा खेळ झाकला जातो. नुसत्या जिद्दीवर एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतली, २७ एकेरी विजेतेपदं मिळत नाहीत, आणि जोकोविच, मरे, नदाल, फेडरर ऐन भरात असताना जागतिक क्रमवारीत तिसरा क्रमांकही लागत नाही. उंची पावणेदोन मीटर, सर्व्हिस बेताची. एवढ्या भांडवलावर त्याने जो खेळ उभा केला तो टेनिसमधल्या सगळ्यात विचारपूर्वक बांधलेल्या खेळांपैकी एक होता. तो कुठवर पुरला आणि कुठे कमी पडला, हे दोन्ही नीट बघण्यासारखं आहे.

जन्म २ एप्रिल १९८२, आलिकांते प्रांतातल्या हावेआ या समुद्रकाठच्या गावात. २००० साली तो व्यावसायिक झाला आणि २००२ मध्ये बुखारेस्टच्या मातीवर पहिलं विजेतेपद मिळालं. २०१३ अखेरपर्यंत प्रशिक्षक एकच, हाविएर पिलेस. इतकी वर्षं एकाच माणसाच्या नजरेखाली खेळ घडला, म्हणून त्यात इतका सलगपणा आला असं मला वाटतं.

आधी सर्व्हिसचं गणित, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. जाळं मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असतं. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, ते ११.८९ मीटरवर, आणि जाळ्यापलीकडे सर्व्हिस रेषा ६.४० मीटरवर. चेंडू सरळ रेषेत जातो असं घटकाभर धरू. पावणेदोन मीटर उंचीचा खेळाडू साधारण २.७ मीटरवर चेंडू गाठतो. तिथून मारलेली आणि जाळ्याला जेमतेम चुकवून गेलेली सर्व्हिस पलीकडे ६.१ मीटरवर पडेल. म्हणजे रेषेच्या आत शिल्लक जागा फक्त ३० सेंटिमीटर. आता १९८ सेंटिमीटर उंचीच्या हुआन मार्टिन डेल पोत्रोला तिथे उभा करा. तो साधारण ३ मीटरवर चेंडू गाठेल, त्याची सर्व्हिस ५.२ मीटरवर पडेल आणि शिल्लक जागा १.२ मीटर. उंचीतला फरक २३ सेंटिमीटरचा, पण चुकायला मिळालेली जागा चौपट.

प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण आणि टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) चेंडूला खाली ओढतात, म्हणून कमी उंचीचा खेळाडूही सर्व्हिस आत ठेवू शकतो. पण त्यासाठी वेग कमी करून फिरकी वाढवावी लागते. अशी दुसरी सर्व्हिस उसळून उंच प्रतिस्पर्ध्याच्या ऐन टप्प्यात येते आणि तो पुढे सरसावून ती फोडून काढतो. फेररला फुकटचे गुण फार थोडे मिळायचे. सर्व्हिसवर त्याची अपेक्षा एवढीच असायची की परतून येणारा चेंडू आपल्याला फोरहँडने मारता यावा. त्यासाठी तो जागा सतत बदलायचा. कधी थेट अंगावर, कधी बाहेर, कधी मधल्या रेषेवर.

सर्व्हिसवर जे मिळत नाही ते दुसऱ्याच्या सर्व्हिसवरून वसूल करायचं, हा त्याच्या खेळाचा पाया. त्याच्या काळातल्या सर्वोत्तम रिटर्न करणाऱ्यांत तो होता आणि ते बहुतांशी पायांचं काम होतं. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या सुमारास छोटी उडी घ्यायची आणि पाय टेकतात तेव्हा दिशा कळलेली असायला हवी. उडी लवकर झाली तर शरीर थिजतं. उशीर झाला तर चेंडू अंगावर येतो आणि हात आखडतात. जोरदार पहिल्या सर्व्हिसला उत्तर द्यायला मिळतो अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ. तेवढ्यात मोठा बॅकस्विंग बसतच नाही. म्हणून फेररचा रिटर्न आखूड असायचा. खांदे वळायचे, रॅकेट फार मागे जायची नाही, आणि चेंडू खोलवर, बहुतेकदा मध्यावर.

मध्यावर का, हा प्रश्न पडतो. कोर्टाच्या मध्यातून प्रतिस्पर्ध्याला तिरका कोन मिळत नाही. चेंडू त्याच्या पायाशी पडला तर त्याला मागे सरावं लागतं आणि पहिल्या सर्व्हिसने मिळवलेला फायदा तिथेच विरतो. रिटर्नवर गुण जिंकायचा नाही, गुण शून्यावरून सुरू करायचा. दुसऱ्या सर्व्हिसवर मात्र तो पुढे यायचा आणि शक्य तिथे बॅकहँडच्या बाजूचा चेंडूही वळसा घालून फोरहँडने मारायचा.

मग यायचं त्याचं खरं हत्यार. डाव्या कोपऱ्यात सरकून, शरीराच्या आतून बाहेर मारलेला तिरका फोरहँड. हा चेंडू जाळ्याच्या सगळ्यात सखल भागावरून जातो. मध्ये ९१.४ सेंटिमीटर, तर कडेला खांबाशी १०७ सेंटिमीटर. शिवाय कोर्टाचा कर्ण सरळ लांबीपेक्षा जवळपास १.४ मीटर जास्त. म्हणजे जोर लावूनही चेंडू आत राहण्याची शक्यता जास्त, आणि उजव्या हाताच्या खेळाडूला तो बॅकहँडला जातो. असे लागोपाठ तीन-चार बसले की प्रतिस्पर्धी कोर्टाबाहेर ढकलला जातो आणि त्याचा उजवा कोपरा मोकळा होतो. शेवटचा फटका तिकडे.

याची किंमतही आहे. डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं की आपली उजवी बाजू सताड उघडी पडते. तिरका फोरहँड जरा आखूड पडला, सर्व्हिस रेषेच्या अलीकडे उतरला, की समोरचा बॅकहँड सरळ रेषेत मारून त्या रिकाम्या जागेत गुण घेतो. फेररने ही जागा पायांनी झाकली. फटका मारतामारताच पुढचं पाऊल मध्याकडे पडलेलं असायचं. लोकांना दिसायची ती धावपळ. ती हौसेची नव्हती, या डावपेचाचा तो अटळ खर्च होता.

हा खेळ मोठ्या मंचावर पहिल्यांदा नीट दिसला २००७ मध्ये. अमेरिकन ओपनमध्ये त्याने नदालला चौथ्या फेरीत हरवून उपान्त्य फेरी गाठली. वर्षातल्या सर्वोत्तम आठ खेळाडूंच्या, शांघायला झालेल्या वर्षअखेरच्या मास्टर्स कपमध्ये गटातले तिन्ही सामने जिंकले, जोकोविच, नदाल आणि गास्केविरुद्ध. उपान्त्य फेरीत अँडी रॉडिकसारख्या सर्व्हिसच्या बादशहाला ६-१, ६-३ असं नमवलं. अंतिम सामन्यात फेडररने ६-२, ६-३, ६-२ असा निकाल लावला. वर्ष संपताना क्रमांक पाचवा.

त्याला मातीचा खेळाडू म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी २७ विजेतेपदांची फोड बघावी. मातीवर १३, हार्ड कोर्टवर १२, हिरवळीवर २. हिरवळीवरची दोन्ही नेदरलँड्समधल्या सेर्तोखेनबॉसची. ऑकलंडच्या हार्ड कोर्टवर चारदा, अकापुल्कोला चारदा. त्या चारपैकी पहिली तीन मातीवर, आणि स्पर्धेने पृष्ठभाग बदलल्यावर चौथं, २०१५ मधलं, हार्ड कोर्टवर. त्याच फेब्रुवारीत आधीच्या रविवारी तो रिओमध्ये मातीवर जिंकला होता. मातीवर घसरत चेंडू गाठायची सवय हार्ड कोर्टवर लगेच बदलावी लागते, उसळी आणि वेळ दोन्ही बदलतात. सहा दिवसांत दोन्हीकडे विजेता होणं मला त्याच्या कित्येक मोठ्या विजयांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

२०१२ हे त्याचं भरगच्च वर्ष. सात विजेतेपदं आणि ७६ विजय, त्या हंगामात कोणापेक्षाही जास्त. शेवटचे चार आठवडे तर बघा. व्हॅलेन्सियात विजेता. लगेच पॅरिसच्या बर्सीमध्ये विजेता, अंतिम फेरीत येर्झी यानोविचवर ६-४, ६-३. मास्टर्स १०००, म्हणजे ग्रँड स्लॅमखालोखालच्या दर्जाचं हे त्याचं पहिलं आणि एकमेव विजेतेपद. त्याआधी रोम, माँटे कार्लो आणि शांघायच्या अंतिम फेऱ्या तो हरला होता. लंडनच्या एटीपी फायनल्समध्ये (मास्टर्स कपचंच नवं नाव) तीनपैकी दोन सामने जिंकूनही सेटच्या हिशेबात बाहेर. आणि त्यानंतर प्रागमध्ये डेव्हिस चषकाचा, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेचा, अंतिम सामना. तिथे त्याने स्टेपानेक आणि बर्डिख या चेक खेळाडूंना सरळ सेटमध्ये हरवलं, पण स्पेन ३-२ ने हरला. बर्सीच्या त्या आठवड्यात बडे चौघे त्याच्या वाटेत आले नाहीत हे खरं. फेडरर आणि नदाल खेळलेच नाहीत, जोकोविच लवकर हरला आणि मरेला यानोविचनेच बाहेर काढलं. तरी समोर आलेल्यांना हरवावंच लागतं, आणि उपान्त्यपूर्व फेरीत घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणारा सोंगा होता.

भिंत मात्र होती. ग्रँड स्लॅममध्ये तो सहा वेळा उपान्त्य फेरीत पोहोचला. त्यातल्या पाच हरला, तीन जोकोविचकडून, एकेक मरे आणि नदालकडून. जिंकली ती एकच, २०१३ च्या फ्रेंच ओपनमध्ये सोंगाविरुद्ध, आणि अंतिम फेरीत पुन्हा नदाल. तोवर एकही सेट न गमावलेला फेरर ६-३, ६-२, ६-३ असा हरला.

इथे कारण दुर्दैवापेक्षा खेळाच्या रचनेत आहे. नदाल डावखुरा. फेररचा तिरका फोरहँड, जो इतरांच्या बॅकहँडला जातो, तो नदालच्या फोरहँडला जायचा. म्हणजे आपलं सर्वोत्तम हत्यार समोरच्याच्या सर्वोत्तम हत्याराला चारा. उलट नदालचा उसळता फोरहँड फेररच्या दोन हाती बॅकहँडला खांद्याच्या वर यायचा आणि पावणेदोन मीटरच्या माणसाला तिथून जोर लावणं अवघड. ३२ सामन्यांत फेरर ६ जिंकला, त्यातले ४ हार्ड कोर्टवर. जोकोविचकडे सरळ रेषेतला बॅकहँड होता, नेमका त्या उघड्या बाजूला जाणारा. फेडरर रॅली लांबूच द्यायचा नाही. खाली राहणारा स्लाइस (उलट फिरकीचा कापलेला फटका), लगेच पुढचा हल्ला. त्याच्याविरुद्ध १७ सामने आणि विजय शून्य.

कुठे फट पडू शकली असती तर २०१२ च्या अमेरिकन ओपनमध्ये. उपान्त्य सामन्यात प्रचंड वारा होता. फेररच्या आखूड, आटोपशीर फटक्यांना वाऱ्याचा त्रास कमी झाला आणि तो जोकोविचविरुद्ध ५-२ ने पुढे होता. वादळाच्या इशाऱ्यामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी शांत हवेत त्याने पहिला सेट घेतला आणि पुढचे तीन १-६, ४-६, २-६ असे गमावले.

२०१३ ची मायामी आठवली की अजून हळहळ वाटते. मरेविरुद्ध अंतिम सामना, तिसऱ्या सेटमध्ये ६-५ आणि फेररला विजयाचा गुण. मरेचा फोरहँड बेसलाइनजवळ पडला. फेररला तो बाहेर वाटला, त्याने रॅली थांबवून दाद मागितली. चेंडूचा माग काढणाऱ्या हॉक-आय कॅमेरा यंत्रणेने दाखवलं की चेंडू रेषेला लागला होता. अशा वेळी नियम सोपा आणि निर्दय आहे. खेळ थांबवणाऱ्याचा अंदाज चुकला तर गुण गेला. पुढे पायांत गोळे आले आणि टायब्रेक १-७. तरीही त्याच वर्षी ८ जुलैला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो जगात तिसरा झाला आणि वर्ष संपतानाही तिसराच होता.

देशासाठी मात्र तो तीनदा डेव्हिस चषक जिंकणाऱ्या संघात होता, २००८, २००९ आणि २०११ मध्ये. सेव्हिलमध्ये २०११ ला डेल पोत्रोविरुद्ध दोन सेट गमावूनही पाचव्यात जिंकला. पण फेररचा एकच सामना बघायचा असेल तर २००९ चा, बार्सेलोनातला, स्टेपानेकविरुद्धचा बघा. स्टेपानेक जाळ्याकडे धावत होता, स्लाइसने लय मोडत होता, आणि फेरर १-६, २-६ असा मागे. तिसऱ्या सेटपासून चेंडू कुठे पडतो त्याकडे लक्ष ठेवा. रॅली लांबत जातात, स्टेपानेकला पुढे यायची वाट मिळेनाशी होते. ६-४, ६-४, ८-६.

शेवटचा एकेरी सामना तो ८ मे २०१९ रोजी माद्रिदमध्ये झ्वेरेवविरुद्ध खेळला. २०२२ च्या अखेरीस स्पेनच्या डेव्हिस चषक संघाचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं आणि २०२५ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं. पण त्याच्या खेळाडूंना जो डेव्हिस चषक खेळावा लागतो त्यात २०१९ पासून एकेरीचे सामने तीन सेटचे आहेत. स्टेपानेकविरुद्धचा तो सामना आज १-६, २-६ वरच संपला असता.