तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी गराज सेलमधून काय घ्यावं?

एप्रिल संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या गावात खांबाखांबांवर गराज सेलच्या, म्हणजे लोक घराच्या दारात जुन्या वस्तू मांडून विकतात त्याच्या, पुठ्ठ्याच्या पाट्या लागतात, आणि इथे नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला हमखास विचारणा होते, "गराज सेलमधून मुलांसाठी काय घ्यावं, काय घेऊ नये?" त्याच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात, दुसरा प्रश्न येतो, "लोकांचं वापरलेलं मुलांच्या अंगावर घालायला कसंसंच नाही का होत?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालत नसत. माझी पहिली झबली मावसभावाची होती आणि दुपटी आजीच्या जुन्या लुगड्याची. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड बाळाला बोचत नाही, म्हणून आजी ते मुद्दाम जपून ठेवायची. मग इथे का कसंसं व्हावं? सेलमधून आणलेला कपडा मी गरम पाण्यात धुते आणि ड्रायरमध्ये सगळ्यांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवते. ढेकूण आलेच असतील तर त्या उष्णतेत मरतात. गाद्या आणि कापडी सोफे मात्र असे धुता येत नाहीत, म्हणून ते मी फुकट दिले तरी घेत नाही.

आता पहिला प्रश्न. घरून निघताना यादी हवी, आणि ती आजच्या गरजेची नको, पुढच्या वर्षाची हवी. मे महिन्यात मी पुढच्या हिवाळ्याचं शोधते, कारण सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की जॅकेट आणि बूट एकदमच लागतात आणि दुकानात ते सगळं महाग पडतं. दोन्ही मुलांचे कपड्यांचे आणि बुटांचे पुढचे साइझ फोनमध्ये लिहिलेले असतात. यादीत नसलेली वस्तू एक डॉलरला मिळाली तरी तो डॉलर वाया गेला असं मी धरते.

पण यादीहून जास्त उपयोगी पडला तो एक साधा प्रश्न. सेल मांडून बसलेल्या बाईंना विचारायचं, "तुमची मुलं केवढी आहेत?" त्यांचं मूल आपल्याहून दोन वर्षांनी मोठं असेल तर ते घर लक्षात ठेवायचं. आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून असं एक घर सापडलं. पहिल्या वर्षी तिथून मुलाचे बर्फातले बूट घेतले, तीन डॉलरला. बाईंनीच मला बूट कसे बघायचे ते दाखवलं. आतला लोकरी थर ओढून बाहेर काढला, हात आत घालून टाचेपर्यंत बोटं फिरवली, मग बुटाचा तळवा दुमडून उन्हात धरला. भेग असली की तिथून बर्फाचं पाणी आत शिरणारच. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून एक पिशवी बाजूला काढून ठेवली होती: स्नो पँट, हातमोजे, छोटी सायकल. चार वर्षं माझ्या मुलाचा हिवाळा त्या एका घरातून निघाला.

काही वस्तू मात्र कोणत्याही भावात नकोत, आणि हे मी चूक करून शिकले. 2013 साली, मुलगी व्हायची होती तेव्हा, आम्ही पंचवीस डॉलरला लाकडी पाळणा आणला. एक बाजू खाली सरकणारी, वाकून बाळ उचलायला किती सोयीची! शेजारच्या आजींनी तो बघितला आणि मला बसवूनच घेतलं. असे पाळणे अमेरिकेत जून 2011 पासून विकायलाच बंदी आहे, अगदी घराच्या दारातसुद्धा. सरकत्या बाजूची कडी झिजते, बाजू सुटते, गादी आणि कठडा यांच्यात फट पडते आणि बाळ त्यात अडकतं. त्याआधीच्या दहा वर्षांत 30 हून जास्त मुलं दगावली होती. त्या रात्री नवऱ्याने पाळण्याचे तुकडे केले, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी वापरायला नको.

गाडीतली कार सीटही नको. तिच्या पाठीला किंवा बुडाला उत्पादनाची तारीख असते, आणि बहुतेक सीट सहा ते दहा वर्षांत बाद होतात. पण तारीख ठीक असली तरी गाडीला अपघात झाला होता का, हे अनोळखी माणसाकडून कसं कळणार? सायकलच्या हेल्मेटचंही तेच. एकदा आपटलं की आतला फोम दबतो आणि बाहेरून दिसत नाही. जुनी रंगवलेली खेळणी दिसायला गोड असतात, पण 1978 पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं आणि लहान मूल सगळं तोंडात घालतं. बाकी बाळाच्या कुठल्याही वस्तूचा मॉडेल नंबर पैसे देण्याआधी सरकारी रिकॉलच्या, म्हणजे धोकादायक म्हणून परत मागवलेल्या वस्तूंच्या, यादीत तिथेच फोनवर बघायचा.

सुट्टे एक-एक डॉलर, क्वार्टर म्हणजे पाव डॉलरची नाणी, मोजपट्टी आणि चार बॅटऱ्या पिशवीत ठेवा. विजेची वस्तू असेल तर "जरा प्लग लावून बघू का?" म्हणून विचारा, मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. पाटीवर आठ लिहिलं असेल तर साडेसहाला बेल वाजवू नका. घासाघीस करायची तर चार वस्तू एकत्र करून करा. आणि एखादं मूल स्वतःची खेळणी मांडून बसलं असेल, तर कृपा करून भाव पाडू नका. ते सांगेल तेवढे द्या.

गेल्या मे महिन्यात आमच्याच दारात टेबल मांडलं होतं. पुण्याहून महिनाभरापूर्वी आलेली एक मुलगी लेकाला कडेवर घेऊन आली. माझ्या मुलाने तेच बूट उचलले, आतला थर बाहेर ओढला आणि तळवा दुमडून उन्हात धरला. तिला म्हणाला, "काकू, हे असं बघायचं."