खांबापासून किती लांब?

26 मे 2016, गुरुवार. मी ऑफिसात होते. बाराच्या आत सासूबाईंचा फोन आला, "अगं, भूकंप झाला बहुतेक. काचा फुटल्या सगळ्या." भूकंप नव्हता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला होता. बारा माणसं गेली. आमची इमारत तिथून किलोमीटरभर तरी लांब, तरी पोराच्या खोलीतली खिडकी चौकटीसकट हलली होती. मे महिन्याची सुट्टी म्हणून तो उशिरापर्यंत लोळायचा. त्या दिवशी आजीने ओरडून आंघोळीला पिटाळलं होतं, म्हणून वाचला.

संध्याकाळी मी कणकेचा गोळा घेऊन त्याच्या उशीवरचे काचेचे कण टिपत बसले. झाडूने ते निघत नाहीत, अभ्र्यात रुतून बसतात. गोळा भाकरीएवढा झाला तरी बोटांना खरखर लागतच होती. निम्म्या काचा मात्र खाली पार्किंगमध्ये पडल्या होत्या. शेजारचे काका म्हणाले, "स्फोट बाहेर झाला, तर काचा बाहेर कशा पडतील?" मला उत्तर माहीत होतं. दाबाची लाट आधी ढकलते आणि लगेच मागोमाग ओढून घेते. पहिल्या धक्क्यात तडकलेली काच दुसऱ्या वेळी बाहेर जाते. सगळा खेळ क्षणार्धाचा. पुस्तकात आलेख शंभरदा पाहिला होता, उशीवर पहिल्यांदाच.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. स्टेशनं, स्कायवॉक, उड्डाणपूल यांच्याजवळ स्फोट झाला तर काय उभं राहील, काय कोसळेल आणि माणसांना कशाने इजा होईल, याचा अंदाज बांधणं हा माझ्या कामाचा एक भाग. लग्नकार्यात कुणाला सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "म्हणजे बॉम्ब?" आणि मग विषय 11 जुलै 2006 वर जातो. जाणारच. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट, तेही घरी परतायच्या गर्दीत. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे त्या संध्याकाळची आपापली गोष्ट आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या धोक्यांच्या तक्त्यातल्या बऱ्याच ओळी बॉम्बच्या नसतातच. त्या असतात गॅस सिलिंडरच्या, पुलाखाली उभ्या राहणाऱ्या टँकरच्या, ट्रान्सफॉर्मरच्या.

या सगळ्या ओळींना एकच औषध सगळ्यात स्वस्त पडतं, ते म्हणजे अंतर. स्फोटापासून दुप्पट लांब गेलात की दाब निम्म्याहूनही बराच खाली येतो. उलटं मांडायचं, तर दुप्पट अंतरावर तेवढाच दाब यायला स्फोटक आठपट लागतं. काँक्रीटचा खांब जाड करायला, त्याला पोलादी जॅकेट चढवायला पैसा लागतो. त्याच्याभोवती चार मीटर जागा मोकळी सोडायला काही लागत नाही. कागदावर तरी.

कारण मुंबईत मोकळी जागा ही गोष्टच नसते. असते ती अजून न भरलेली जागा.

गेल्या वर्षी एका स्टेशनबाहेर पाहणीला गेले होते. नाव सांगत नाही, पण तुम्ही तिथे चहा प्यायला असाल. नकाशात जिन्याखालच्या खांबाभोवती रिकामा चौकोन. प्रत्यक्षात खांबाला टेकून 19 किलोचा सिलिंडर, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, शेजारी टपरी, आणि वरच्या जिन्यावरून लोकलचा लोंढा उतरतोय. मी टेप काढून अंतर मोजायला लागले तर टपरीवाले काका घाबरले. त्यांना वाटलं, पालिकेची माणसं. नाही म्हटल्यावर त्यांनी आधी कटिंग हातात दिला आणि मग ऐकून घेतलं.

"काका, हा इथून हलवता येईल का? उन्हात नको, पण खांबापासून लांब."

"मॅडम, हलवतो की. पण मी हा कोपरा सोडला ना, तर अर्ध्या तासात तिथे दुसऱ्याचा गाडा लागेल. त्याचे दोन सिलिंडर असतील."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

घरगुती गॅसला हलक्यात घेऊ नये हे मला कॉलेजात रोनन पॉइंटने शिकवलं. लंडनमधली बावीस मजली नवीकोरी इमारत. 16 मे 1968 च्या पहाटे अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. बाई वाचल्या. पण स्फोटाने भिंतीचा एक पॅनल बाहेर ढकलला गेला, वरच्या मजल्यांचा आधार गेला, आणि सगळा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा उतरला. चार जण गेले. स्फोट किरकोळच होता, इमारतीची वीण सैल होती. म्हणून आम्ही आता कॉम्प्युटरवर एक खांब काढून टाकतो आणि बघतो, बाकीचे भार वाटून घेतात का. आपल्याकडचं स्फोटरोधक बांधकामाचं मानक, आयएस 4991, तेही पहिल्यांदा आलं ते नेमकं 1968 मध्येच. योगायोग, पण मला तो आवडतो.

काचेचंही तसंच. साधी काच सुऱ्यांसारखी फुटते, टफन्ड म्हणजे तापवून कडक केलेली काच खडीसाखरेसारखी. लॅमिनेटेड काच तडकते, पण मधल्या पडद्याला चिकटून राहते. ती महाग असते म्हणून कोटेशनमधून पहिली तीच उडते. कचऱ्याचे डबे मात्र फुकटात सुटणारा प्रश्न. 1991 च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनात डब्यातला बॉम्ब फुटला, माणूस गेला, आणि तिथल्या स्टेशनांवरून डबे उचलले गेले. कारण डब्याचा पत्रा स्वतःच छर्रे होतो. आता लोखंडी कड्याला पारदर्शक पिशवी लटकवतात.

अहवाल दिला. बैठकीत एका साहेबांनी तक्त्यातल्या लाल, म्हणजे मोठ्या धोक्याच्या, चौकोनावर बोट ठेवलं. "हा पिवळा नाही का होणार?" मी म्हटलं, होईल, सिलिंडर हलला की. मग खांबाभोवती काँक्रीटच्या जड कुंड्या ठेवायचं ठरलं. झाडं दिसायला बरी, आणि कुणी खांबाला खेटणार नाही.

परवा त्याच स्टेशनला उतरले. कुंड्या आल्यात. काकांचा सिलिंडर पाचेक मीटर लांब, भिंतीच्या आडोशाला, जाळीत. मला बघून त्यांनी अभिमानाने हात केला. कुंड्या आणि खांब यांच्यामधल्या जागेत सात मोटारसायकली उभ्या होत्या, टाक्या खांबाकडे करून. एका कुंडीवर बसून एक मुलगा वडापाव खात होता.

टेप पर्समध्येच होती. काढली, आणि आधी कटिंग सांगितला.